जुना कीबोर्ड नव्या संगणकाला जोडताना

ॲडॅप्टर विकत घेण्यापूर्वी कीबोर्डच्या वायरचे टोक नीट पाहावे. त्यात सहा बारीक पिना असतील, तर तो पीएस/२ जातीचा आहे. ही जोडणी आयबीएमने १९८७ मध्ये आणली. टोक मोठे, गोल आणि पाच जाड पिनांचे असेल, तर कीबोर्ड बहुधा एटी किंवा त्याहून जुना एक्सटी (ही आयबीएमच्या जुन्या संगणकांची नावे) जातीचा असतो, आणि खरी गफलत इथेच होते. दोहोंचे टोक सारखेच दिसते, परंतु एटी कीबोर्ड संगणकाकडून आज्ञाही घेतो, तर एक्सटी केवळ पाठवतो आणि कळांचे संकेतही निराळे वापरतो. काही कीबोर्डांच्या पाठीवर या दोहोंतून निवड करणारे छोटे बटण असते. ते असल्यास एटीकडे सरकवावे.

एटी आणि पीएस/२ यांचे संकेत सारखेच असल्यामुळे त्यांच्यामधला ॲडॅप्टर केवळ तारा जुळवतो आणि स्वस्तात मिळतो. यूएसबीचे मात्र तसे नाही. बोटाच्या पेराएवढा जो जांभळा किंवा हिरवा तुकडा दुकानदार पुढे करतो, त्यात चिप नसते. ज्या कीबोर्डला मुळातच यूएसबीची भाषा येते, त्याच्याशीच तो चालतो, आणि १९८० च्या दशकातल्या कीबोर्डला ती येत नाही. त्यासाठी चिप असलेला कन्व्हर्टरच घ्यावा. तो सहसा आखूड वायरीचा असून त्याला कीबोर्ड आणि माउस यांची दोन सॉकेट असतात. एक्सटीसाठी असा साधा कन्व्हर्टर उपयोगी पडत नाही; प्रो मायक्रोसारख्या छोट्या, प्रोग्राम भरता येणाऱ्या बोर्डावर टीएमके हे कीबोर्डसाठीचे फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) भरून एक्सटीला चालणारा कन्व्हर्टर घरी करता येतो, पण त्यासाठी डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, सवय हवी.

आधी कीबोर्ड कन्व्हर्टरला जोडावा आणि मगच यूएसबी लावावी. मदरबोर्डवर पीएस/२ सॉकेट असेल, तर संगणक बंद करूनच जोडावे, कारण चालू यंत्रात काढघाल करण्यासाठी ते बनवलेलेच नाही. जुन्या कीबोर्डांना वीजही जास्त लागते. दिवे लागून कीबोर्ड बंद पडत असेल, तर स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब (एका सॉकेटची अनेक सॉकेट करणारे उपकरण) वापरून पाहावा.

१०१ कळांच्या कीबोर्डवर विंडोज कळ नसते, त्यामुळे ती आणि स्पेसबार दाबून मराठीकडे वळण्याची सवय मोडावी लागते. डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलता येते. इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्डची, मांडणी संगणकात असल्याने ती जशीच्या तशी चालते, फक्त कळांवर देवनागरी अक्षरे दिसत नाहीत.