राइस कुकर तापत नाही? कॉइलवर संशय सगळ्यात शेवटी घ्या

कुकर तापला नाही की 'कॉइल गेली' म्हणून तो थेट माळ्यावर जातो. खरं तर साध्या बटणवाल्या कुकरची कॉइल ॲल्युमिनियमच्या तव्यात ओतून बसवलेली असते, ती सहसा टिकते. आधी दगा देतात पिन, कॉन्टॅक्ट आणि थर्मल फ्यूज (कुकर प्रमाणाबाहेर तापला की करंट तोडणारा).

सुरुवात भिंतीपासून करा. टेस्टर पेटला म्हणजे सॉकेट ठीक, असं समजू नका. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तुटलेली असली तरी तो पेटतो. त्याच सॉकेटवर मिक्सर फिरवून बघा. मग कुकरच्या मागची कॉर्ड काढा. तिचं टोक वितळलं किंवा आतून काळं पडलं असेल तर कॉर्डच बदला. घासून वापरलेली पुन्हा जळते.

बटण खाली राहतच नसेल तर तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर हलणारी गोल चकती बघा. भांडं ठेवल्यावर ती दबली, तरच तिच्याखालचं लोहचुंबक बटण धरून ठेवतं. इगतपुरीकडचा इंद्रायणी शिजवणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं: पेज उतू जाते, चकतीच्या कडेला वाळते आणि तिथे कपड्याच्या खळीसारखी घट्ट बसते. ओल्या फडक्याने मऊ करा, टूथपिकने कोरून काढा. तव्यावर एखादं शीत चिकटलेलं असेल किंवा भांड्याच्या तळाला पोचा असेल, तरी चकती नीट दबत नाही.

इथवर सगळं ठीक असेल तर प्लग काढून, कुकर पूर्ण गार झाल्यावर तळाचे स्क्रू खोला. तारा हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 700 वॉटच्या कुकरला साधारण 75 ओहम दाखवायला हवेत. आकडा आला म्हणजे कॉइल शाबूत. आता तारेवरच्या जाड स्लीव्हमध्ये लपलेली, साधारण 1 सेंटीमीटरची नळी शोधा. तोच थर्मल फ्यूज. मीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर शिट्टी वाजते ते सेटिंग) ठेवून त्याच्या दोन टोकांना लावा. शिट्टी वाजली नाही तर तो गेला.

पार्ट आणायला नाशिकच्या एम. जी. रोडला जा नाहीतर सिडकोत, जुना फ्यूज सोबत न्या. त्यावरचे अंश सेल्सिअस आणि अँपिअर दोन्ही जुळले पाहिजेत. नवा फ्यूज क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत तारा घालून ती पक्कडीने दाबून, बसवा. सोल्डरिंगच्या उष्णतेने तो जागच्या जागी उडतो. फ्यूज काढून तार डायरेक्ट जोडून देणारेही भेटतात. असा कुकर घरात वापरूच नका, कारण बटण अडकलं तर त्याला थांबवणारं काही उरत नाही.

तवा तापतो पण भात कच्चाच राहतो? व्होल्टेज मोजा. 180 वर आलं असेल तर 700 वॉटचा कुकर जेमतेम 430 वॉट ओढतो.

तळाचं झाकण परत लावल्यावर, प्लग जोडण्याआधी, फेजच्या पिनेपासून बॉडीपर्यंत मीटर लावा. काहीच जोड दिसता कामा नये. अर्थची जाड पिन मात्र बॉडीशी जोडलेली दिसली पाहिजे. मग भांड्यात अर्धा कप पाणी घालून बटण दाबा. पाणी आटल्यावर बटण आपोआप वर आलं की तांदूळ धुवायला घ्या.