ट्राउटच्या ओढ्यावरचा जुना पूल बदलताना

ट्राउट या थंड पाण्यातील माशाची मादी ओढ्याच्या तळातील खडीत शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि त्यांवर पुन्हा खडी लोटते. खडीच्या फटींतून खेळणाऱ्या थंड पाण्यावरच ही अंडी जगतात. त्या फटींत बारीक गाळ बसला की ती जागच्या जागी गुदमरतात. त्यामुळे अशा ओढ्यावरचा पूल बदलण्याच्या कामात सर्वाधिक धास्ती बाळगावी ती गाळाची.

कामाचा हंगाम ओढ्यातील जातीवरून ठरवावा. ब्राउन आणि ब्रूक ट्राउट शरदात अंडी घालतात, रेनबो बहुधा वसंतात; थंड पाण्यात पिले बाहेर पडायला काही महिनेही लागू शकतात. पाणी कमी असलेला, परंतु खडीत अंडी नसलेला काळ निवडावा.

स्पॅन, म्हणजे पुलाच्या दोन आधारांमधील अंतर, ठरवण्यासाठी जुन्या पुलाचे माप प्रमाण मानू नये. अरुंद पुलाखाली पाण्याचा वेग वाढून तळ खरवडला जातो आणि वरच्या बाजूला खडी साचते, म्हणून पुलाच्या प्रभावापासून दूर, तीन-चार ठिकाणी काठोकाठ भरलेल्या प्रवाहाची रुंदी मोजावी. नवे अबटमेंट, म्हणजे पुलाचे काठांवरचे आधार, या रुंदीच्या बाहेरच असावेत. माझ्या मते निदान सव्वापट स्पॅन ठेवावा. खर्च वाढतो, पण पात्राच्या मध्यभागी पिअर, म्हणजे आधाराचा खांब, उभारण्याची वेळ टळते.

जुना सांगाडा पाण्यात पाडू नये. खाली ताडपत्रीचा मांडव बांधून सांगाड्याचे तुकडे करावेत आणि क्रेनने उचलावेत. जुन्या लोखंडावरील रंगात शिसे असू शकते. पाया मात्र घाईने उखडू नये. अनेकदा तोच पायरीसारखा वरच्या बाजूचा तळ अडवून धरतो आणि तो काढताच तळाची धूप वरच्या दिशेने सरकत जाते. त्यासाठी आधी पुलाच्या दोन्ही बाजूंच्या तळाची उंची मोजून उतार कागदावर मांडावा आणि गरज भासल्यास मोठ्या दगडांनी तळ स्थिर करावा.

पायाच्या खोदाईसाठी वाळूच्या गोण्यांचा बांध घालून प्रवाह पाइपातून वळवावा आणि अडकलेले मासे जाणकारांकडून सुरक्षित जागी हलवावेत. पंपाच्या तोंडाला बारीक जाळी हवीच. खड्ड्यातील गढूळ पाणी ओढ्यात न सोडता दूरच्या गवतावर सोडावे. बांध हळूहळू उघडावा आणि पहिले गढूळ पाणी पंपाने बाहेर काढावे.

ओले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असल्याने त्याचे धुवण माशांना मारक ठरते. त्यामुळे तयार गर्डर (तुळया) आणि स्लॅब वापरणे श्रेयस्कर; जागेवर ओतकाम करावेच लागले, तर अवजारे काठापासून दूर, प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यातच धुवावीत. डिझेलही काठापासून लांबच भरावे.

शेवटी काठावर स्थानिक झाडे लावावीत, कारण सावली गेली की पाणी तापते आणि वीस अंश सेल्सिअसच्या वर ट्राउटला त्रास होऊ लागतो. कच्च्या रस्त्याची गटारे पुलाच्या अलीकडेच गवताकडे वळवावीत. ती थेट ओढ्यात उतरली, तर नव्या पुलाखालीही प्रत्येक पावसात गाळ येतच राहील.