फंडरेझिंगमध्ये नवीन आहात? मग या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या संस्थांसाठी देणग्या उभ्या करायचं काम मी बरीच वर्षं करतेय आणि नवीन आलेली मुलं-मुली तेच तेच घोळ घालताना बघून आता वैताग आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात मोठा घोळ सकाळीच होतो. ऑफिसात आल्या आल्या लॅपटॉप उघडायचा आणि पोस्टर बनवायला बसायचं. अरे, काल ज्यांनी पैसे दिले त्यांचं काय? बँकेचं स्टेटमेंट कोण बघणार? क्यूआर लावला की काम झालं असं वाटतं सगळ्यांना, पण यूपीआयने पैसे आले की स्टेटमेंटमध्ये दिसतो यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, आणि फार तर अर्धंमुर्धं नाव. पॅन नाही, पत्ता नाही, फोन नाही. आणि २०२१-२२ पासून वर्षभरातल्या देणगीदारांची यादी टेनबीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यायची असा नियम झाला, त्यात नाव-पत्ता-पॅन नसेल तर त्या माणसाला ८०जीसाठी, म्हणजे देणगीवरच्या टॅक्स सवलतीसाठी, लागणारं टेनबीई सर्टिफिकेट देणार कुठून?

घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत गणपतीत एका संस्थेने स्टॉल टाकला होता. मोठी स्टँडी, त्यावर हा एवढा क्यूआर, आरती झाली की लोक पटापट स्कॅन करायचे. नावं लिहायला वही होती, पण लाइन लागते, लोक कंटाळतात म्हणून दुसऱ्याच दिवशी ती उचलून ठेवली. पैसे चांगले जमले, सगळे खूश. मग मे महिन्यात यादी भरायची वेळ आली तेव्हा मला फोन आला की ताई जरा मदत करा. एकेक यूटीआर घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर विचारायचं, हे तुमचे का, हे तुमचे का. लोक वैतागले, काहींना हा फ्रॉडच वाटला, आणि ते बरोबरच आहे, मे महिन्यात अनोळखी बाई पॅन मागतेय म्हटल्यावर कोण देईल? त्यात एक काका सापडले. त्याच वर्षी बायको गेलेली, तिच्या नावाने त्यांनी १०,००० रुपये दिले होते. पेमेंटच्या स्क्रीनशॉटची प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट जपून ठेवलेली. टॅक्सचं त्यांना काही पडलं नव्हतं, एवढंच म्हणाले, "पैसे पोचले का, ते तरी कुणी सांगायचं होतं ताई." पुढच्या गणपतीत त्यांनी काही दिलं नाही, आणि मला त्यात काहीच चुकीचं वाटत नाही.

त्यामुळे माझा नियम ठरलेला आहे. क्यूआरशेजारी वही आणि दोरीला बांधलेलं पेन. नाव, पत्ता, मोबाइल, पॅन, रक्कम, यूटीआरचे शेवटचे चार आकडे. लाइन लागली तर लागू दे. रोज सकाळी आधी स्टेटमेंट, मग पावत्या, आणि अकराच्या सुमारास फोन. मेसेज नाही, फोन. "काल तुमचे पैसे पोचले, पावती व्हॉट्सअपवर टाकलीय, नाव आणि पॅन बरोबर आहे का बघून घ्या." बस. त्याच फोनवर पुढची देणगी मागायची नाही म्हणजे नाही. पोस्टर दुपारी.

८०जीबद्दल वाट्टेल ते बोलणं, हे दुसरं. "सर, अर्धे पैसे परत मिळतात" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. नाही मिळत! ५० टक्केवाली संस्था असेल तर १०,०००च्या देणगीवर ५,००० उत्पन्नातून वजा होतात, २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये टॅक्स वाचतो हजाराच्या आसपास. त्यालाही मर्यादा असते. नवीन टॅक्स रिजीममध्ये तर ही वजावटच नाही, त्यामुळे आधी समोरच्याला विचारा. २,०००च्या वर कॅश दिली तर नाही, जुने कपडे-भांडी दिली तरी नाही. खरं सांगितल्यामुळे तुटलेला देणगीदार मी अजून बघितलेला नाही.

आता फोटो. यावर मी भांडते. बालगृहातल्या मुलाचा रडवेला चेहरा टाकला की लाइक येतात, म्हणून टाकायचा? बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ वाचा. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा ब्लर केला आणि युनिफॉर्मच्या खिशावरचा शाळेचा बिल्ला तसाच राहिला तर ब्लर करून उपयोग काय? मी हातांचे फोटो काढते, कव्हर घातलेल्या वह्यांचे काढते, दाराबाहेरच्या चपलांच्या रांगेचे काढते. ते मूल उद्या मोठं होऊन ऐरोलीत नोकरीला लागेल तेव्हा त्याचा तो फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये असता कामा नये.

व्हॉट्सअप ब्रॉडकास्ट: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो जातच नाही. रोज गुड मॉर्निंग पाठवू नका.

दुपारी एक ते चार घरी फोन करू नका, माणसं जेवून पडलेली असतात.

आणि सीएसआर, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात ते पैसे. फेब्रुवारी-मार्चमध्ये महापे-रबाळेच्या शंभर कंपन्यांना एकच पीडीएफ ढकलून देतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून रडतात. तोवर बहुतेकांचं त्या वर्षाचं ठरून गेलेलं असतं. मी दिवाळीच्या आधीपासून भेटायला लागते, आणि त्याआधी सीएसआर-१चा (सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेने सरकारकडे भरायचा फॉर्म) रजिस्ट्रेशन नंबर हातात आहे ना ते बघते, कारण १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी सीएसआरचे पैसे संस्थेला देऊ शकत नाही. मेलमध्ये दोन पानं पुरतात. काय करणार, कुठल्या वस्तीत, किती मुलांसाठी, किती खर्च. संस्थापकांचं मनोगत मागाहून पाठवा, तेही मागितलं तर.