पंप उचलण्याआधी पान उलटा: ढालकिडा की क्रायसोपा?

भात कापून झालं की आमच्या गोव्यातल्या पेडण्यात मळ्यांमध्ये अळसांदे, म्हणजे चवळी, लावतात. थंडी धरली की शेंड्यांवर काळा मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, बसतो आणि शेजारीपाजारी पंप बाहेर निघतात. आधी चार शेंडे वाकवून, पानं उलटून मावा खाणारे मित्रकीटक आहेत का ते बघा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने जवळून बघितलं तरी चालतं.

लाल-पिवळा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, सगळ्यांना ठाऊक असतो. त्याची अळी मात्र कुणी ओळखत नाही, आणि औषधाखाली तीच जाते. काळसर, खरखरीत, पाठीवर पिवळे-नारिंगी डाग, लांब पायांनी माव्यात तुरुतुरु फिरणारी. ती मावा चावून खाते. दुसरा मित्रकीटक क्रायसोपा, म्हणजे लेसविंग. त्याची अळी फिकट तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती. तोंडापुढे विळ्यासारखे दोन वाकडे जबडे दिसले की शंका संपली. ते ती माव्यात खुपसते, रस शोषते आणि सुकलेलं कातडं टाकून देते.

अंड्यांवरून तर चूक होणं कठीण. ढालकिड्याची पिवळी, उभी, एकमेकांना चिकटून घातलेली. क्रायसोपाचं प्रत्येक अंडं केसाएवढ्या बारीक देठावर. बुरशी समजून ती पुसू नका. क्रायसोपाच्या अळ्या आपल्याच भावंडांनाही खातात. देठामुळे अंडी त्यांच्या आणि मुंग्यांच्या तावडीतून वाचतात.

माझं मत विचाराल तर अळसांद्यांना ढालकिडा पुरतो, कारण तो मोठा झाल्यावरही मावाच खातो. मिरचीत मला क्रायसोपा हवा. त्याची अळी फुलकिडे, पांढरी माशी, दुसऱ्या किडींची अंडी, काहीच सोडत नाही. मोठा क्रायसोपा म्हणजे संध्याकाळी पडवीतल्या दिव्यावर येणारा तो हिरवा, जाळीदार पंखांचा नाजूक कीटक. तो पराग आणि मधावर जगतो, म्हणून कोथिंबिरीची एक ओळ न उपटता फुलू द्यावी.

वांगीवाल्यांनो, तुमच्याकडचा मळकट, बारीक लव असलेला, 28 ठिपक्यांचा भुंगा मित्र नव्हे. पानाची जाळी करणारा तोच. त्याची पिवळी काटेरी अळी दिसली की वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

शेंड्यावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या मित्रकीटकांना हाकलतात. मावा थोडाच असेल तर शेंडा खुडून टाका. फवारावंच लागलं तर निंबोळी अर्क, संध्याकाळी, आणि तोही जिथे मावा आहे पण या दोन अळ्या नाहीत तेवढ्याच वाफ्यात.