सीपीएसवाले दारात आले तर (नवीन आलेल्या आईबाबांसाठी)

अमेरिकेत येऊन सहा महिने झाले, पोरं शाळेत रुळली, आणि एका संध्याकाळी गळ्यात आयडी घातलेली बाई दारात येऊन म्हणते, मी सीपीएसमधून आलेय. म्हणजे चाइल्ड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस, मुलांना घरी मारहाण किंवा हेळसांड होते का ते बघणारं सरकारी ऑफिस. प्रत्येक राज्यात नाव वेगळं, आमच्या न्यूजर्सीत 2012 पर्यंत डायफस होतं, आता डीसीपीपी झालंय पण जुनी मंडळी अजून डायफसच म्हणतात. हे ऑफिस राज्याचं नाहीतर काउंटीचं असतं, इमिग्रेशनचं नाही, त्यामुळे पहिल्या मिनिटाला व्हिसा आठवून हातपाय गाळू नका. आणि शाळेतून तक्रार गेली असेल तर टीचरवर राग नको, मुलाला घरी त्रास होतोय असा तिला नुसता संशय आला तरी कळवावंच लागतं, न्यूजर्सी टेक्सासमध्ये तर कायद्याने प्रत्येक माणसाला.

आपली खरी गोची होते ती "मार" या शब्दाने. मी एका ओळखीच्यांकडे अशा वेळी सोबत बसले होते, आईला इंग्रजी जेमतेम, म्हणून केसवर्करने (चौकशीला आलेल्या सीपीएसच्या बाईने) नऊ वर्षांच्या मुलीलाच विचारायला लावलं की भाऊ त्रास देतो तेव्हा आई काय करते. आई म्हणाली, "काही नाही गं, एखादी चापट, आणि मारून टाकीन हं तुला असं म्हणते." पोरीने जसंच्या तसं इंग्रजी केलं, आई मारते आणि म्हणते जीव घेईन. बाईचं पेन थांबलं. ते निस्तरायला पुढे दोन महिने गेले, आणि पोरगी अजून स्वतःलाच दोष देते.

म्हणून पोरांना दुभाषी करू नका, कधीच नाही, नवऱ्याला पण नको. 1964 च्या सिव्हिल राइट्स कायद्यामुळे केंद्राचा पैसा घेणाऱ्या ऑफिसला दुभाषी फुकट द्यावा लागतो, फोनवरचा का होईना. "मराठी इंटरप्रिटर प्लीज" एवढं म्हणा आणि थांबा. हिंदी चालेल का विचारतील, मोडकीतोडकी येत असेल तर सरळ नाही म्हणा.

बाळाच्या पाठीवर नाहीतर ढुंगणावर जन्मतः निळसर डाग असेल (आपल्याकडे खूप बाळांना असतो) तर डॉक्टरकडून आजच फाइलमध्ये नोंदवून घ्या, इथे तो मारल्याचा वळ समजला जाऊ शकतो.

कोर्टाची ऑर्डर नसेल आणि पोराच्या जिवाला लगेच धोका आहे असं काही नसेल तर घरात घ्यायला तुम्ही नाही म्हणू शकता, पण माझं मत विचाराल तर दार आपटू नका, दारातच नीट बोला आणि तक्रार काय आहे ते विचारा, पहिल्या भेटीतच ते सांगणं त्यांना बंधनकारक आहे. सेफ्टी प्लॅन म्हणून (पोर सुरक्षित राहावं यासाठी तुम्ही काय कराल ते लिहिलेला) कागद पुढे करतील, समजल्याशिवाय सही नाही, आणि केली तर कॉपी हातात घेऊनच.

मूल खरंच फॉस्टर केअरमध्ये (म्हणजे सरकारच्या ताब्यात, दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला) नेलं तर रडायला नंतर वेळ आहे, आधी वकील मागा, पैसे नसतील तर बहुतेक राज्यांत कोर्टच देतं. मग काका, मावशी, आजी-आजोबा सगळ्यांची नावं-फोन लिहून द्या, कारण 30 दिवसांत नातेवाईक शोधून त्यांना कळवायचं हे त्या ऑफिसचं काम आहे, पण तुम्ही सांगितलंच नाही तर ते शोधणार कुठे. मूल भारतीय पासपोर्टवर असेल तर कॉन्सुलेटला पण कळवा. आणि पेरेंटिंग क्लास, भेटीच्या तारखा एकही चुकवू नका, मागच्या 22 महिन्यांतले 15 महिने मूल बाहेर राहिलं की काही अपवाद सोडले तर आईबापाचे हक्क संपवायचा अर्ज करणं त्यांना 1997 च्या कायद्याने भाग पडतं. पुढच्या आठवड्यात बघू म्हणता म्हणता ते महिने जातात.

एच-4 वरच्या (म्हणजे नवऱ्याच्या एच व्हिसावर आलेल्या) बायकांनो, मार तुम्हालाच पडत असेल आणि पोरांसमोर, तर गप्प बसल्याने पोरं वाचत नाहीत, उलट तेच केसमध्ये येऊ शकतं. नवऱ्याने छळलेल्या एच-4 बायकोला आय-765व्ही फॉर्मवर स्वतःचं वर्क परमिट मागता येतं, त्याच्या सहीशिवाय. आईबापाने टाकलेल्या किंवा छळलेल्या पोरांसाठी एसआयजे (स्पेशल इमिग्रंट जुव्हेनाइल) नावाचा ग्रीन कार्डकडे नेणारा वेगळा मार्ग आहे, 21 च्या आत अर्ज लागतो, पण आधी राज्याच्या कोर्टाची ऑर्डर हवी आणि ती बऱ्याच ठिकाणी 18 नंतर मिळत नाही, तेव्हा इमिग्रेशन वकील लवकर गाठा.

आणि ती बाई निघताना तिचं कार्ड मागून घ्या, सुपरवायझरचं नाव पण, तारीख टाकून फ्रिजवर लावून ठेवा.