पांढरं पडलेलं कोरल उजेड मागत नसतं: रीफ टँकच्या लाईटमधल्या चुका

"कोरल पांढरं पडतंय, लाईट कमी पडतोय का?" हा प्रश्न मी रीफ टँकवाल्यांकडून, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांकडून, इतक्यांदा ऐकलाय की आता फोटो बघायच्या आधीच विचारतो, नवा लाईट कधी लावला? उत्तर बहुतेक वेळा "मागच्या आठवड्यात" असंच येतं.

हसायला मला तोंड नाही, कारण मीही तेच केलंय. टी-५ नळ्या (बारीक ट्यूबलाईट) काढून एलईडी बसवला, शनिवारी संध्याकाळी. पाहुणे येणार होते, म्हणून निळा-पांढरा दोन्ही चॅनेल सरळ १०० टक्क्यांवर. सोमवारी हॅमर कोरल नेहमीसारखं फुललं नाही. बुधवारी त्याचा हिरवा रंग उतरून दुधाळ झाला. तळाशी वाळूवर आहे, उजेड पोहोचत नसेल, असं समजून मी ते उचललं आणि वरच्या दगडावर ठेवलं! शुक्रवारी मांस आत ओढलं गेलं आणि सांगाड्याच्या पांढऱ्या पात्या बाहेर दिसायला लागल्या. त्याच्या पाच तोंडांपैकी (फांदीच्या टोकावरचे जीव) दोन वाचली, तीही परत खाली सावलीत नेल्यावर.

कोरलच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर साखर बनवून कोरलला पोसतं. उजेड एकदम वाढला की तेच शैवाल पेशींना त्रासदायक ठरतं आणि कोरल त्याला बाहेर काढतं. रंग गेला म्हणजे स्वयंपाकी घर सोडून गेला. उजेड खरोखर कमी पडला तर कोरल तपकिरी होत जातं. हा फरक लक्षात ठेवा. आणि लाईटला हात लावायच्या आधी थर्मामीटर बघा. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं तरी कोरल असंच पांढरं पडतं.

आता मी नवा लाईट ३० टक्क्यांवर सुरू करतो आणि दर रविवारी ५ टक्के वाढवतो. नवं कोरल आधी वाळूवर, मग हळूहळू वर. दोन-अडीच महिने लागतात. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी गप्पी पाळावेत, तेही छान दिसतात.

दुसरी चूक डोळ्यांवर विश्वास ठेवण्याची. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त जाणवतो आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा मंद वाटतो. कोरलच्या शैवालाला मात्र नेमका तोच लागतो. त्यामुळे "अंधारच वाटतोय" म्हणून लोक वाढवत जातात. मोबाईलमधलं लक्स ॲपही माणसाच्या डोळ्याच्या हिशोबानेच मोजतं, निळ्याखाली त्याचा आकडा फसवा असतो. मोजायचं तर पार मीटरने, म्हणजे शैवालाला वापरता येणारा उजेड (पार) मोजणाऱ्या यंत्राने. महाग आहे, म्हणून आम्ही चौघांनी मिळून एक घेतला, तो घरोघर फिरत असतो. कोरलच्या जातींत मश्रूम आणि झोआला ५० ते १०० पार पुरतो, हॅमर-टॉर्चला साधारण ८० ते १५०, ॲक्रोपोराला २०० ते ३५०. भर दुपारी उघड्या समुद्रावर हा आकडा २००० च्या घरात जातो, हे सांगून कुणी वाद घालू नये. ते कोरल त्या उन्हातच वाढलेलं असतं. तुमचं दुकानातल्या मंद टाकीतून पिशवीत बसून आलंय.

लिटरला किती वॅट, हा हिशोब नळ्यांच्या जमान्यातला. सोडून द्या.

गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचा ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) लाईट स्वस्तात मिळाला म्हणून रीफवर लावू नका. कोरल जगेलही, पण रंग फुलणार नाहीत.

चार फुटी टँकला मधोमध एकच दिवा लावला तर खाली भाजतं आणि कडेला अंधार राहतो. दोन लावा.

टँक सायकल होत असताना, म्हणजे नव्या टँकमध्ये उपयोगी जिवाणू वाढत असताना, कोरल नसताना, लाईट कशासाठी? फक्त शेवाळ पोसायला.

वेळ ८ ते १० तास, आणि टायमरवरच. घरी यायला उशीर झाला म्हणून रात्री बारापर्यंत चालू ठेवायचा नाही. टायमरमध्ये बॅटरी आहे ना, तेही बघा, नाहीतर वीज गेली की तो मागे पडतो.

इतकं सगळं नीट करूनही कोरल हळूहळू तपकिरी पडत असेल, तर लाईट बंद करून दिव्याच्या काचेखालून बोट फिरवा. पाणी उडून मिठाचा थर बसलेला असतो. मी दर रविवारी ओल्या फडक्याने पुसतो. मध्ये दोन महिने पुसला नसेल, तर पुसल्यावर लाईट १० टक्क्यांनी खाली आणा आणि मगच चालू करा.