कबड्डीच्या डोळ्यांनी रग्बी कशी बघायची

जून २०२५ मध्ये रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम आमच्या अंधेरीत झाला. त्या पंधरा दिवसांत शाळेतल्या मुली, सोसायटीतल्या बायका आणि माझे वडील यांना मी तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावली. शेवटी वाटलं, एकदा लिहूनच टाकावी. हे लिहिलंय ते कबड्डी, खो-खो, क्रिकेट बघत वाढलेल्यांसाठी. रग्बीचं नाव काढलं की ते म्हणतात, "नुसती ढकलाढकली, काही कळत नाही." कळतं. कुठे बघायचं एवढं ठरलेलं असलं की झालं.

माझ्याविषयी थोडं सांगते. मी लालबागची. बारा वर्षं मंडळाकडून उजव्या कोपऱ्यात खेळले. आता अंधेरी पूर्वेला शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. वडील गिरणीत होते आणि संध्याकाळी मंडळांच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे. रग्बी मी पहिल्यांदा पाहिली ती सीएसएमटीकडून चालत जाताना, बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेरून. ऐन पावसाळा होता, मैदानाचा चिखल झाला होता आणि पोरं त्यातच खेळत होती. छत्री धरून मी अर्धा तास उभी राहिले. मला काहीच कळलं नाही, पण पायही निघेना.

मोसमाचा आराखडा आधी डोक्यात घ्या. सहा संघ होते: मुंबई ड्रीमर्स, चेन्नई बुल्स, दिल्ली रेड्झ, हैदराबाद हिरोज, बेंगळुरू ब्रेव्हहार्ट्स आणि कलिंगा ब्लॅक टायगर्स. १५ ते २९ जून, एकूण ३४ सामने, सगळे अंधेरी क्रीडा संकुलातच. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, मग उपांत्य फेरी, तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि अंतिम. हा पंधरा जणांचा, ८० मिनिटांचा खेळ नव्हे. हा सात जणांचा. एरवी यात सात-सात मिनिटांचे दोन भाग असतात. या लीगने चार-चार मिनिटांचे चार केले. म्हणजे प्रत्यक्ष खेळ सोळा मिनिटं. शेंगदाण्याची पुडी सोडून चार दाणे तोंडात टाकेपर्यंत एक भाग संपत येतो. म्हणूनच काय बघायचं ते घरून ठरवून निघावं लागतं. तिथे बसून ठरवू म्हणाल तर सामना संपलेला असेल.

जायचं कसं, हे दोन वाक्यांत. अंधेरी स्टेशनवरून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो पकडा, पुढचंच स्टेशन आझाद नगर, तिथून चालत जाता येतं. वीरा देसाई रोडला संध्याकाळी रिक्षात बसलात तर पहिला सामना रिक्षातच जाईल.

बसायचं कुठे? क्रिकेटच्या सवयीने लोक मैदानाच्या मधोमध जागा शोधतात. तसं करू नका. शक्य तितकं उंच आणि गोलखांबांच्या बाजूला, कोपऱ्याकडे बसा. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, फक्त मागे किंवा सरळ आडवा. त्यामुळे हल्ला करणारे एकामागे एक तिरक्या ओळीत उभे असतात. ती तिरकी ओळ आणि समोरची बचावाची भिंत, दोन्ही एकदम दिसतात ते टोकाला बसल्यावर. मधोमध बसलं की सगळे एकमेकांच्या आड जातात.

आता मुख्य गोष्ट. पहिला सामना बघताना चेंडू कुठे गेला ते बघूच नका. पकड बघा.

कबड्डीत पकड म्हणजे शेवट. घोटा धरला, मांडी धरली, साखळीने गडी वेढला, आता त्याला मध्यरेषेला हात लावू द्यायचा नाही. जो धरतो तो सोडत नाही. आमची अख्खी तालीम त्यासाठीच असायची. वडिलांना मी पहिल्या दिवशी घेऊन गेले. एका खेळाडूने वाकून समोरच्याच्या मांड्यांना मिठी मारली, सुंदर पाडला आणि पाडताक्षणी हात काढून घेतले. वडील उभेच राहिले. "गो, धरल्यान तर सोडल्यान कित्याक?" आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले. मला मात्र बरं वाटलं, कारण त्यांनी नेमका पहिल्याच मिनिटाला योग्य प्रश्न विचारला होता.

सोडलं, कारण नियमच तसा आहे. ज्याने पाडलं त्याने लगेच सोडायचं आणि बाजूला व्हायचं. जो पडला त्यानेही लगेच चेंडू सोडायचा, पोटाशी धरून पडून राहायचं नाही. म्हणजे क्षणभर चेंडू गवतावर असतो आणि कुणाचाच नसतो. जो आधी येईल, स्वतःच्या पायांवर उभा राहून, आपल्या बाजूने येईल, चेंडू त्याचा. दोन्हीकडचे येऊन एकमेकांना भिडले की त्याला रक म्हणतात. रग्बीत पकडीने काही संपत नाही. खरी झटापट तिथून सुरू होते आणि तीन-चार सेकंदांत निकाल लागतो.

एवढं कळलं की सामना उलगडायला लागतो. गडी पडला की मनात मोजा: दोन्ही बाजूंनी तिथे कितीजण धावले? सात जणांच्या खेळात हा हिशेब फार नाजूक असतो. नियमाप्रमाणे मैदान ७० मीटरपर्यंत रुंद असतं. सात जणांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला दहा मीटर येतात. आपलं कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर. म्हणजे जेवढ्या रुंदीत आपण साखळी करून सातजण उभे राहतो, तेवढी रुंदी इथे एकटा राखतो. आता बचावातले दोघे जर चेंडू हिसकायला रकमध्ये अडकले, तर उरलेल्या पाच जणांना तेच ७० मीटर झाकायचे असतात. भोक पडतंच. म्हणून रक झाला की लगेच नजर उचला आणि लांबच्या कडेला बघा. तिथे एखादा खेळाडू हात वर करून उभा असेल, त्याच्यासमोर कुणी नसेल. दोन पास आणि तो सुटला. आजूबाजूचे लोक "कुठून आला हा?" म्हणत असतील, तुम्ही त्याला पाच सेकंद आधीच पाहिलेला असेल. माझ्या आठवीच्या मुलींना तिसऱ्या सामन्यापर्यंत हे दिसायला लागलं. कडेला मोकळा गडी दिसला की त्या एकसुरात ओरडायच्या, पास जायच्या आधी.

पकडीत आणखी एक बघा, उंची. खांद्याच्या वर हात गेला तर गुन्हा. पिवळं कार्ड मिळालं तर सात जणांच्या खेळात दोन मिनिटं बाहेर. पंधरा जणांच्या खेळात हीच शिक्षा दहा मिनिटांची असते, पण दोन मिनिटांना हसू नका. चार मिनिटांच्या भागात दोन मिनिटं म्हणजे अर्धा भाग सहा जणांनी खेळायचं. आमच्याकडे गडी बाद होऊन मैदान रिकामं होत जातं, लोण जवळ येतो, तेव्हा पोटात जो गोळा येतो, तोच इथे त्या दोन मिनिटांत येतो.

गुणांचा हिशेब सोपा आहे. समोरच्या संघाच्या टोकाच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण. नुसती रेषा ओलांडून भागत नाही, टेकवावाच लागतो. मग खांबांमधून लाथ मारून आणखी दोन, त्याला कन्व्हर्जन म्हणतात. जुन्या काळी ट्रायला स्वतःचे गुणच नव्हते, टेकवलं की फक्त लाथ मारून बघायची संधी मिळायची, म्हणून ते नाव. ही लाथ चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची असते. म्हणून रेषा ओलांडल्यावरही खेळाडू खांबांच्या दिशेने का धावतो, ते लक्षात येईल. मधोमध टेकवला तर लाथ सोपी. कडेलाच टेकवला तर समजा, मागे कुणीतरी अगदी टाचेशी होतं. सात जणांच्या खेळात चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताक्षणी मारायचा, तोही तीस सेकंदांत. आपल्या चढाईइतका वेळ. त्या वर्षी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच आला होता. ओल्या गवतावर चेंडू नीट उसळत नाही, त्यामुळे ती दोन गुणांची लाथ बघताना खुर्चीतून उठायला होतं.

आणि ज्याने गुण घेतले, त्यानेच पुढची सुरुवातीची लाथ मारायची. चेंडू समोरच्याच्या ताब्यात जाण्याची शक्यता जास्त. पण उंच मारून खाली धावत जाऊन तो परत झेलता येतो. हे ज्या संघाला जमतं, तो समोरच्याला चेंडूच बघू देत नाही. अंतिम सामना चेन्नईने दिल्लीविरुद्ध ४१-० असा जिंकला. असा एकतर्फी सामना चालू असला की लोक मोबाइल काढतात. तुम्ही त्या वेळी फक्त सुरुवातीच्या लाथा बघा. चेंडू हवेत असताना त्याच्याखाली कोण पोचतंय, तिथेच सामना झुकतो.

पंचाच्या हातांकडे बघायला वडिलांनी मला शिकवलं, मी नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, हा माणूस शिट्टी न मारता हात आडवा का धरतो? मी सांगितलं, तो ॲडव्हान्टेज. चूक झालीय, पण ज्याच्याविरुद्ध झाली त्याचा फायदा होत असेल तर खेळ चालू राहू दे, नाही झाला तर मागे येऊ. हात ज्या बाजूला, फायदा त्या संघाचा. हात सरळ आभाळाकडे म्हणजे ट्राय. वडिलांना हे फार आवडलं. त्यांच्या मते चांगला पंच तोच, जो शिट्टी कमी वाजवतो.

नव्या लीगचे नियम थोडे बदललेले असतात, तेव्हा गोंधळू नका. प्रत्येक बदलाला एकच विचारा: यामुळे खेळाडू काय करायला लागेल? माझा मावसभाऊ पर्थला असतो. तिथला वेस्टर्न फोर्स हा संघ २०१७ मध्ये सुपर रग्बी या मोठ्या लीगमधून काढला गेला. अँड्र्यू फॉरेस्ट या पर्थच्याच उद्योगपतींनी तो जगवला आणि २०१९ मध्ये ग्लोबल रॅपिड रग्बी नावाने एक प्रदर्शनी मोसम खेळवला. फिजी, सामोआ, हाँगकाँग, सिंगापूरकडचे संघ, पंधरा जणांचाच खेळ, पण ८० ऐवजी ७० मिनिटं. आणि एक मोठा बदल: स्वतःच्या २२ मीटर रेषेच्या (आपल्या टोकाच्या रेषेपासून २२ मीटरवरच्या) आतून सुरू झालेल्या चालीवर ट्राय झाला, तर पाचाऐवजी थेट नऊ गुण. शिवाय तिथून चेंडू थेट बाहेर मारून जागा कमावण्याची सोयही काढून टाकली. भाऊ फोनवर सांगत होता आणि मला लगेच आपली सुपर टॅकल आठवली. तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर दोन गुण. संकटात सापडलेल्याने चेंडू फेकून सुटका करून घेऊ नये, तिथूनच उलटून यावं, यासाठी दोन्ही नियम. त्या स्पर्धेचा पूर्ण मोसम मार्च २०२० मध्ये सुरू झाला आणि करोनामुळे पहिल्याच फेरीनंतर थांबला, याची मला आजही हळहळ वाटते.

अंधेरीच्या लीगमध्ये प्रत्येक संघात पाच नामवंत परदेशी, कॅनडा, हाँगकाँग, जर्मनीसारख्या ठिकाणचे तीन आणि पाच भारतीय खेळाडू होते. एक सामना तरी फक्त भारतीय खेळाडूंवर नजर ठेवून बघा. ऑलिंपिक खेळलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून आपला मुलगा कुठे सरकतो, पास मिळण्याआधी वेग घेतो की नंतर, पडल्यावर किती लवकर उठतो. पहिल्या दिवसाचा आणि शेवटच्या आठवड्याचा तोच खेळाडू बघितलात तर पंधरा दिवसांत माणूस किती शिकतो ते दिसेल. २०१४ मध्ये प्रो कबड्डी वरळीत सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांच्या चढाया महिन्याभरात बदलल्या होत्या. मला तेच इथे हवंय. आणि सहाही संघ पुरुषांचे होते, मुलींचेही हवेत. माझ्या मुली मला रोज विचारत होत्या, "बाई, आमचं कधी?"

त्यांना उत्तर म्हणून मी एक चेंडू आणला. तुम्हीही हे करा, नुसतं बघून खेळ अंगात येत नाही. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा चेंडू लागतो, मोठ्यांना पाच. सुरुवातीला पाडापाडी अजिबात नको. जुन्या ओढणीच्या वीतभर रुंद, हातभर लांब पट्ट्या कापा, प्रत्येकीच्या कमरेला दोन्ही बाजूंना एकेक. पट्टी ओढली की पकड झाली, चेंडू लगेच मागे द्यायचा. पुढे पास गेला की चेंडू समोरच्यांचा. एवढ्या दोन नियमांवर तासभर जातो. कबड्डी खेळणाऱ्या मुली आधी पट्टी ओढून तशाच हातात घट्ट धरून उभ्या राहतात, त्यांना "सोड, आणि धाव" असं ओरडून सांगावं लागतं. आणि पट्ट्या कमरेत नुसत्या खोचायच्या, गाठ मारायची नाही.